गुंडूरावांचं नाक

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गुंडूरावांशी मी पहिल्यापासून गोड वागले असा कुणाचा समज व्हायला नको. पहिल्याच दिवशी ते मला ‘अक्का’ म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. मी अडतीस वर्षांची, ते पासष्टचे. बंगळुरात बाईमाणसाला मान द्यायचा तर अक्का म्हणतात, हे मला कळायला दोन महिने लागले आणि पटायला आणखी दोन. पुण्याहून येताना मी सामान बरंच आणलं होतं, त्यात हा ताठाही होता.

मी मारतहळ्ळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दीड वर्षापूर्वी पाचवीच्या पेपरात मी एक सोपा प्रश्न घातला होता: तुमच्या ताटातली तूरडाळ कुठून येते? बत्तीस मुलांपैकी अकरा जणांनी लिहिलं, गेटवरून. एकानं लिहिलं, लिफ्टमधून. आणि एकीनं सविस्तर उत्तर दिलं होतं की डाळ दहा मिनिटांत येते, पाऊस असला तर वीस. तिला मी अर्धा मार्क दिला, कारण निरीक्षण बिनचूक होतं.

तो पेपर घेऊन मी तणतणत मुख्याध्यापकांकडे गेले. वेणुगोपाल सर भला माणूस, पण त्यांना एक सवय आहे. त्यांच्यासमोर अडचण मांडली की ते तिचा उपक्रम करतात. मला वाटलं होतं ते पालकांना रागाचं पत्र लिहितील. त्यांनी आठवड्याच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या जुन्या कॉम्प्युटर खोलीत चार इंडक्शन शेगड्या बसवल्या आणि दारावर ‘फूड लिटरसी’ अशी पाटी लावली. मुलांना स्वयंपाक शिकवायचा, दर गुरुवारी, नऊ ते अकरा. शिकवणार कोण, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. ते गेटवरच्या देवाप्पानं ठरवलं. देवाप्पा आमचा वॉचमन, राहतो के. आर. पुरमला. तो म्हणाला, माझ्या गल्लीत एक गुंडूराव आहेत, मोठे अडिगे भट्ट, म्हणजे आचारी, सध्या घरीच असतात.

गुंडूरावांचं घराणं किती पिढ्यांमागे इकडे आलं ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी बोलतात, पण त्यात कन्नडची इतकी फोडणी की पहिल्या भेटीत मला निम्मंच कळलं. आजोबा मठात स्वयंपाक करायचे, वडील मठात करायचे, आणि यांनी चाळीस वर्षं मठात नि लग्नांत केला. मी त्यांना अभ्यासक्रम विचारला. त्यांनी पांढऱ्या पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, “अक्का, आधी वास. मग आवाज. मग हात. चव सगळ्यात शेवटी, आणि ती पण दुसऱ्यानं सांगायची.”

हे शेवटचं मला झेपेना. तर त्याचं असं होतं की त्यांच्या घराण्यात नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न तोंडाला लावायचं नाही. रांधणाऱ्यानं तर मुळीच नाही. पाचशे माणसांचं सार उकळत असलं तरी मिठाचा अंदाज वासावरून घ्यायचा. आणि या कामात गुंडूरावांच्या नाकाची ख्याती अशी, की ते मंडपाच्या दारातून आत येतानाच ओरडायचे, “मूठभर मीठ कमी आहे रे.” हे मला देवाप्पानं सांगितलं, मी वेणुगोपाल सरांना सांगितलं, आणि सरांनी सगळ्या शाळेला सांगितलं. नंतर जो घोळ झाला त्याची सुरुवात ही अशी माझ्यापासूनच झाली.

शाळेत देव नव्हता, मग नैवेद्य कुणाला दाखवायचा? गुंडूरावांनी त्यावर तोड काढली. दर गुरुवारी पहिली वाटी तिसऱ्या मजल्यावरून खाली गेटवर जायची, देवाप्पाला. देवाप्पा टोपी काढायचा, उभ्यानं खायचा आणि निकाल द्यायचा. बहुतेक वेळा “सरी,” म्हणजे बरोबर. कधी “स्वल्प उप्पु,” म्हणजे मीठ थोडं हवं. बत्तीस मुलं जिन्यातून माना काढून त्या एका शब्दाची वाट बघायची. माझ्या चाचणीच्या निकालाला त्यांनी एवढी किंमत कधी दिलेली नाही.

आणि मुलं शिकली, हे मला कबूल करावं लागलं. मोहरी तडतडायची थांबली की लगेच कढीपत्ता, हे ती डोळे मिटून कानानं ओळखू लागली. भांड्यातून पुढून, म्हणजे पहिला, वास कशाचा येतो आणि त्याच्या मागून कशाचा, ते सांगू लागली. डाळीच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचू लागली. एका किराणा दुकानात आमच्या मुलानं तूरडाळ हातात चोळून तिला रंग लावलाय का ते पाहिलं, तेव्हा त्या दुकानदारानं शाळेचं नाव विचारून घेतलं म्हणे. मुलांमध्ये सगळ्यांत तरबेज म्हणजे वाणी. ही के. आर. पुरमची, दोन वेण्यांची, दहा वर्षांची, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. स्वयंपाकाच्या खोलीत मात्र पुढे पुढे ती बरेचदा गुंडूरावांच्या डाव्या हाताला उभी राहून काहीतरी कुजबुजत असायची. मी तिला त्यावरून दोनदा झापलंही.

गुंडूराव, मुलांचे अण्णा, शिकवता शिकवता घरच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या बायकोचं, शारदाबाईंचं, नाव प्रत्येक तासाला निघायचं. “आमच्या घरी पस्तीस वर्षं एकच भांडण आहे,” ते म्हणायचे. “मला सारात हिंग पाहिजे. शारदेला हिंगाचा वास सोसत नाही, डोकं धरतं तिचं. मी म्हणतो चिमूट घाल, ती घालते मुंगीच्या डोक्याएवढा. पस्तीस वर्षांत ना मी हरलो, ना ती.” मुलं या भांडणात वाटली गेली होती. सतरा जण गुंडूरावांच्या बाजूनं, पंधरा जण न पाहिलेल्या शारदाबाईंच्या.

एका गुरुवारी मी दुसऱ्या मजल्यावर सहावीला पचनसंस्था शिकवत होते. जठरापर्यंत आलो होतो, तेवढ्यात जळका वास आला. आधी थोडा, मग घसा खवखवेल इतका. मी धावत वर गेले. खोलीत धूर होता. कढईत शेंगदाण्यांचा कोळसा झाला होता आणि कढईपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे पाठ करून, गुंडूराव आनंदात गोष्ट सांगत होते. बाहेर मेट्रोच्या कामाचं ड्रिल घरघरत होतं, त्यात दाण्यांचा आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता. मुलं एकमेकांकडे बघत गप्प बसली होती, कारण वर्गाचा पहिला नियमच होता की अण्णांनी सांगितल्याशिवाय कुणी भांड्याला हात लावायचा नाही.

“काय झालं अक्का?” गुंडूरावांनी मला विचारलं. मग माझ्या नजरेबरोबर मागे वळून त्यांनी कढई पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

मुलांना मी मैदानावर पाठवलं. मग चांगला आवाज चढवून विचारलं, की झोप लागली होती का. ते बाकावर बसले. म्हणाले, “वास येत नाही मला. चार वर्षं झाली. त्या साथीत ताप आला, ताप गेला, जाताना नाक घेऊन गेला. जिभेला तिखट, मीठ, आंबट एवढं कळतं. बाकी सगळं गरम पाणी.”

लग्नाची कामं त्यांनी गुडघ्याचं कारण सांगून सोडली होती. आता मला उमगलं की खराब गुडघ्यांचा माणूस तीन मजले एका दमात कसा चढतो. डॉक्टर झाले, वाफ झाली, कुणीतरी सांगितलेली मुळी उगाळून झाली. काही उपयोग नाही. डोळ्यांनी बुडबुडे बघायचे, कानांनी तडतड ऐकायची, घड्याळ बघायचं आणि निभावून न्यायचं, असं चाललं होतं.

“घरी माहीत आहे?” मी विचारलं.

“शारदेला? नाही, नाही.” ते घाबरलेच. “ती रोज सार करते, माझ्यासमोर बसते आणि विचारते, कसं झालं. मी म्हणतो, चांगलं झालं, हिंग कमी. रोजचंच वाक्य आहे ते. गरम पाणी लागतं म्हणून कसं सांगू? रांधण्यावरचा जीवच जाईल तिचा.” मग म्हणाले, “आणि इथं, अक्का, नऊ ते अकरा मी परत गुंडूराव असतो. बाकीचा आठवडा घरात बसलेला म्हातारा. सरांना सांगू नका.”

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या जागी जे आलं ते मला जास्त अवघड वाटलं. मी शब्द दिला. मला पोटात काही ठेवता येत नाही, हे माझी आई लहानपणापासून सांगत आली आहे. त्या गुपितापायी मला महिनाभर ॲसिडिटी झाली.

तेवढ्यात वेणुगोपाल सरांना नवा उपक्रम सुचला. वर्षाअखेर पालकांसाठी अन्नदिवस. मुलं जेवण करणार, आणि जेवणाआधी मंचावर मुख्य आकर्षण: पालकांनी घरून डबे आणायचे, गुंडूरावांचे डोळे बांधायचे, आणि त्यांनी नुसत्या वासावरून डब्यात काय आहे, त्यात काय चुकलं आहे, ते सांगायचं. पत्रकं छापून आल्यावरच मला कळलं. वर मोठ्या अक्षरांत ‘नाकाची कमाल’.

मी सरांना म्हटलं, हे सर्कशीसारखं वाटतं. सर म्हणाले, त्यांच्या नाकाचं तुम्हीच तर सांगितलंत. 

गुंडूरावांना मी हरतऱ्हेनं समजावलं. ताप आला म्हणून सांगा. मीच आधी डबे बघते आणि तुम्हाला खुणा करते, एकदा खोकले तर भात, दोनदा तर भाजी. ते म्हणाले, “अक्का, आजवर नुसता गप्प राहिलो, ते वेगळं. मुलांसमोर खोटं नाक लावून उभा राहू? आणि तुम्ही किती खोकणार?” येईन, एवढंच म्हणाले. पुढे काय करणार ते सांगेनात. मला वाटलं, हा त्यांचा शेवटचा गुरुवार ठरणार, आणि या विचारानं मला खरोखर वाईट वाटलं.

अन्नदिवसाच्या गुरुवारी हॉल भरला. पालक टेबलावर डबे ठेवून जात होते. मीही एक ठेवला, गोड्या मसाल्याची आमटी, कारण आमच्या घरच्या आमटीबद्दल मी स्टाफरूममध्ये वर्षभर बोलत आले होते. वेणुगोपाल सरांनी स्वतःच्या हातांनी गुंडूरावांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि एक डबा उघडून त्यांच्या नाकाशी धरला. दोनशे माणसं शांत झाली.

गुंडूरावांनी तो हुंगलाही नाही.  पट्टी तशीच ठेवून ते म्हणाले, “सर, मला वास येत नाही. चार वर्षं झाली. ही पट्टी बांधली काय न बांधली काय, मला सारखंच. मुलांना मी डोळ्यांनी नि कानांनी शिकवलं. नाकाचं जे शिकवलं ते आठवणीतून शिकवलं. आधी सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं.”

सरांच्या हातातला डबा तसाच राहिला. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मी पुढे जायला उठले, काय बोलणार होते देव जाणे, तेवढ्यात पहिल्या रांगेतून वाणी उठली आणि मंचावर चढली.

“सर, आज माझा नंबर आहे,” ती म्हणाली.

“कसला नंबर?” सरांनी विचारलं.

“नाक मॉनिटरचा.”

मग त्या अबोल मुलीनं माईकसमोर सगळं सांगितलं. शेंगदाणे जळाले त्या दिवसापासून मुलांना माहीत होतं. त्यांनी आपसात पाळ्या लावल्या होत्या, त्यात सगळ्यांत जास्त वाणीच्या. दर गुरुवारी एकानं अण्णांच्या डाव्या हाताला उभं राहायचं आणि भांड्यातून कसा वास येतोय ते हळूच सांगत राहायचं, अण्णांनी विचारलं असो वा नसो. ही यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. मी ती कितीदा तरी पाहिली होती, मला वाटलं झाडलोटीच्या पाळ्या आहेत. आणि ज्या कुजबुजीसाठी मी वाणीला झापलं होतं, ती कुजबुज म्हणजे “अण्णा, जिऱ्याचा वास कडू व्हायला लागलाय” अशी असायची. गुंडूरावांना वाटायचं, पोरं आपली शिकल्याचं दाखवताहेत. आणि मी बिचारी एकटीच गुपित सांभाळतेय म्हणून गोळ्या खात होते.

 गुंडूरावांनी हात पुढे केला, वाणीचा खांदा चाचपला आणि नेहमीच्या वर्गातल्या आवाजात विचारलं, “पुढून काय येतं?”

वाणीनं सरांच्या हातातला डबा हुंगला. “पुढून तूप. मागून भात आणि लिंबू. आणि एका कडेनं जळकं, पण भाताचं नाही. काळं, कडू.”

“मोहरी करपलीय. तूप जास्त घातलंय ते करपलेलं लपवायला,” गुंडूराव म्हणाले. “करणाऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा फोडणी केली आहे.”

वेणुगोपाल सर डब्याकडे बघत म्हणाले, “हा माझा डबा आहे.” सगळा हॉल हसला. सरही हसले. मग त्यांनीच दुसरा डबा उघडला.

तो माझा होता. वाणीनं हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “पुढून गूळ. मागून मसाला. पण त्याच्यावर प्लास्टिक आहे, अण्णा. गरम असताना प्लास्टिकमध्ये भरलेलं असतं ना, तसं.”

“मग ती घरची नाही,” गुंडूराव म्हणाले. “दहा मिनिटांत आलेली आहे. पाऊस असता तर वीस.”

मी मान खाली घातली. आदल्या दिवशी पेपर तपासत होते, वेळ मिळाला नाही, ही माझी बाजू. ती त्या हॉलमध्ये कुणी ऐकून घेतली नसती.

लोकांना आता मजा येऊ लागली होती. वाणी वास सांगत होती, गुंडूराव त्यावरून चूक सांगत होते, आणि एकदाही ते चुकले नाहीत. पंधरा-वीस डबे झाले. त्यांचा आवाज चढला होता, पाठ ताठ झाली होती. मांडवाच्या दारातून ओरडणारे गुंडूराव मी पाहिलेले नाहीत, पण ते असेच असणार.

शेवटचा डबा देवाप्पानं हॉलच्या मागच्या बाजूनं स्वतः आणून टेबलावर ठेवला. उभट, जुना स्टीलचा डबा. वाणीनं झाकण काढून गुंडूरावांच्या हातात दिलं, वाकली, आणि झटक्यात मागे सरकली.

“पुढून?” गुंडूरावांनी विचारलं.

“हिंग.”

“मागून?”

“मागून पण हिंग. त्याच्या मागे कुठेतरी सार आहे, अण्णा.”

हॉलमध्ये हशा पिकला. गुंडूरावही हसले. “अय्यो, कुणाचा हात घसरलाय हा? एवढा हिंग तर मी पण—” आणि ते थांबले. हातातल्या झाकणावर त्यांची बोटं फिरत होती. त्यावर ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. बोटं त्या अक्षरांवरून एकदा गेली, पुन्हा गेली.

त्यांनी पट्टी काढली. “शारदा?”

शेवटच्या रांगेत एक बारीक चणीच्या बाई उभ्या राहिल्या. देवाप्पाच्या शेजारीच बसल्या होत्या. “आहे इथेच,” त्या म्हणाल्या.

“तू येणार नव्हतीस ना?”

“देवाप्पानं रिक्षा आणली.”

गुंडूरावांनी डबा हातात घेतला. “किती घातलास हा हिंग?”

“आज चमचाभर,” शारदाबाई म्हणाल्या. “तुमच्या तापानंतर पहिल्या वर्षी दोन चिमटी घालायचे. मग वाढवत गेले. तुम्ही रोज जेवायचात आणि रोज म्हणायचात, हिंग कमी. मी म्हटलं, नसेल पोचत. थोडा आणखी घालू, कधीतरी नाकापर्यंत पोचेल. नाहीतर कधीतरी तुम्हीच सांगाल.”

“तुला तर त्याचा वास सोसत नाही.”

“नाहीच सोसत. चार वर्षं नाकाला पदर लावून करतेय.”

आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते दोनशे पालकांना दिसत होतं, पण त्याचा मला राग आला नाही. वेणुगोपाल सर माईकपासून लांब जाऊन चष्मा पुसत उभे होते. या माणसाचा वर्ग बंद होईल का, ही काळजी मी इतके दिवस करत होते, आणि सरांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात त्यांनी फक्त ‘नाक मॉनिटर’ हा कॉलम वाढवला.

गुंडूराव डबा घेऊन मंचावरून उतरले आणि मधल्या वाटेनं शेवटच्या रांगेपर्यंत गेले. वाणी त्यांच्या डाव्या हाताला होतीच. शारदाबाईंसमोर उभे राहून त्यांनी ते सार डब्यातूनच प्यायलं, सगळं, हळूहळू, आणि झाकण लावलं.

“शारदा, उद्यापासून कमी घाल,” ते म्हणाले.

“किती घालू?”

“मुंगीच्या डोक्याएवढा.”

 पस्तीस वर्षांत हे शारदाबाई पहिल्यांदा ऐकत होत्या. मग “सरी,” म्हणाल्या आणि रिकामा डबा त्यांच्या हातातून काढून पिशवीत ठेवला.